हे आपल्याच खोऱ्यातलं

माझ्या मावशीला गावात तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. पोस्टमनपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे तिला नाकवाल्या बाई म्हणत. तसं नाक काही मोठं नव्हतं, उलट थोडं बसकंच होतं. पण त्याचा दरारा मोठा. शेजारणीच्या घरी गॅस गळतोय हे तिला आपल्या ओट्यापाशी उभं राहून कळलं होतं. वर्गामागे मुलांनी ओढलेल्या सिगरेटचा वास माझ्या वेणीत राहिला म्हणून न केलेल्या गुन्ह्याचा मार मी तिच्या हातून खाल्लाय. आई दूरच्या शहरात नोकरीला होती, मी मावशीकडे वाढले. त्यामुळे त्या नाकाचा जाच मला जरा जास्तच सोसावा लागला.

आमचं गाव म्हणजे दोन डोंगरांच्या मधलं खोरं. उतारावर द्राक्षमळे, खाली नदी आणि नदीकाठाने वाइन बनवणाऱ्यांची तळघरं. या खोऱ्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. याचा अर्थ इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतो. खोऱ्याचं नाव बाटलीवर छापायचं तर द्राक्षं हद्दीच्या आतलीच हवीत आणि ठरलेल्या जातींचीच हवीत. वेलीला वाटेल तितकं पीक लादायचं नाही. रस काढण्यापासून बूच मारण्यापर्यंत सगळं हद्दीतच झालं पाहिजे. एवढं करून शेवटी चाखणी. प्रत्येक तळघराचा नमुना नुसता नंबर लावून समितीपुढे येतो. कोणाचा ते समितीला ठाऊक नसतं. समितीने होकार दिला की बाटलीच्या गळ्याला लावायची शिक्क्याची पट्टी मिळते. ती नसेल तर बाटलीवर फक्त ‘वाइन’ असं लिहायचं आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळं व्हायचं.

मावशी त्या समितीची प्रमुख होती. बाटल्या भरण्याच्या शेडमध्ये लेबलं चिकटवायला लागलेली मुलगी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. एक दिवस तिने हातातल्या बाटल्या बाजूला ठेवल्या आणि मालकाला सांगितलं, ‘यांच्या बुचांना बुरशीचा वास येतोय.’ मालक चिडला, मग त्याने एक बाटली उघडली, आणि नंतर मावशीने लेबलाला डिंक लावल्याचं कोणी पाहिलं नाही. पुढे ती शिकली, परीक्षा दिल्या, समितीवर गेली आणि प्रमुख झाली.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘आपल्या डोंगराची माती जिभेवर येतेच. लपवून लपत नाही.’ शाळेची सहल चाखणीची खोली बघायला आली की ती हेच सांगायची. परदेशी व्यापारी आले की दुभाष्याकडून हेच सांगायची. मी वाइनच्या वाटेला गेले नाही, गावातल्या छापखान्यात लेबलं छापते. पण निम्म्या लेबलांच्या मागच्या बाजूला लोक मला हेच वाक्य छापायला सांगत. आमचं सगळं गाव त्या वाक्यावर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

आता मामा. मावशीचा धाकटा भाऊ. आजोबांचा मळा आणि तळघर तोच बघायचा; मावशीने आपला वाटा त्याला आधीच लिहून दिला होता. बोलायला इतका गोड की त्याच्यावर रागवायला गेलेला माणूस त्याच्याकडे जेवून परत यायचा. मावशीचा तर तो जीव की प्राण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, त्याच्यासाठी मुली बघितल्या होत्या, आणि मामी घरात आल्यावर ‘हा आता तुझा, मी सुटले’ असं म्हणून प्रत्यक्षात अजिबात सुटली नव्हती.

त्या वर्षी वसंतात उशिराची थंडी पडली. कोवळे कोंब फुटले होते, एका पहाटेत सगळ्या उताराचा रंग बदलला. हिरवे कोंब काळे पडून लोंबत होते, जणू कोणी गरम पाणी ओतलंय. माणसं बांधावर नुसती उभी होती. मामाचा मळाही गेला असणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण तो म्हणाला, ‘वरच्या दगडी भिंतीने वाचवलं. त्या आडोशाचं पीक वाचलं.’ कोणाच्या मनात शंका आली नाही. थंडीचं असंच असतं, एकाचं घर बुडवते आणि शेजाऱ्याला हात लावत नाही.

पुढच्या वर्षी नमुने समितीपुढे आले. थोडेच होते, आणि त्यातले बरेच पातळ. त्यात एक नमुना आला आणि मावशीचा चेहराच उजळला, असं समितीतल्या लोकांनी मला नंतर सांगितलं. तिने ग्लास परत परत नाकाशी नेला, शेजारच्याला म्हणाली, ‘हे घ्या. आपलं खोरं कसं असतं ते कोणी विचारलं ना, तर हे द्यायचं.’ पूर्ण गुण दिले. इतक्या वर्षांत तिने पूर्ण गुण कोणाला दिलेले कोणाच्या आठवणीत नव्हते. नंबर उघडले तेव्हा तो माल मामाचा निघाला. मावशी त्या दिवशी घरी येताना रस्ताभर हसत होती. ‘बाबा असते तर!’ एवढंच म्हणत होती.

ती वाइन दुकानांत गेली आणि हातोहात खपू लागली. दर वर्षी तपासणी खात्याची माणसं दुकानांतून काही बाटल्या उचलतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात मामाची एक होती.

त्या सकाळी मी चाखणीच्या खोलीत होते ती केवळ योगायोगाने. गळ्याच्या पट्टीचा नवा नमुना छापून नेला होता आणि मावशीची सही हवी होती. ती खोली दवाखान्यासारखी. भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, प्रत्येकापुढे पाणी, कोरड्या पावाचे तुकडे आणि थुंकायला भांडं. अत्तर लावून आलात तर दारातूनच परत. तेवढ्यात तपासणी खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला सरळ. हातात कापडात गुंडाळलेली बाटली. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मावशीपुढे एका ग्लासात थोडी ओतली.

“बाई, एवढी एक चाखून सांगाल? समितीपुढे येऊन गेलेलाच माल आहे. तुम्हाला आठवतो का, आणि तोच आहे का, एवढंच हवंय.”

मावशीने ग्लास फिरवला, वास घेतला, डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला, थुंकला.

“आठवतो म्हणजे काय! याला आपण पूर्ण गुण दिले होते.”

“नक्की हाच?”

“अहो, घरातलं माणूस पाठमोरं दिसलं तरी ओळखतो ना आपण? हे आपल्याच खोऱ्यातलं आहे. नदीच्या वरच्या अंगाचं.”

निरीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल.”

“नाही का म्हणेन?”

“कारण ही द्राक्षं खोऱ्यातली नाहीत. मला वाटलं, तुमच्याकडे चांगला नमुना पाठवला असेल आणि बाटल्यांत दुसरंच भरलं असेल. तुम्ही ‘ही ती नाही’ म्हणाल अशी माझी खात्री होती.”

मावशी हसायला लागली. “तुमच्या यंत्राला सर्दी झालीय.” समितीतले सगळे हसले. मीही हसले. निरीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत.

“दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तपासलंय, बाई. द्राक्ष ज्या पाण्यावर वाढतं त्याची खूण वाइनमध्ये राहते, आणि ती खूण प्रत्येक प्रदेशात वेगळी असते. ही सपाटीवरची द्राक्षं आहेत, कालव्याच्या पाण्यावरची. इथून गाडीने निघालं तर दिवस जातो पोचायला.”

मावशीने ग्लास पुन्हा उचलला. पुन्हा चाखली. “तीच,” ती म्हणाली. “आपलीच.” आवाज खाली आला होता. तिने पाण्याने चूळ भरली, पाव चावला, तिसऱ्यांदा घोट घेतला. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेलेला मला दिसला, आणि तिची जीभ अजूनही ‘आपलीच’ म्हणतेय हे मला तिच्या डोळ्यांत कळलं.

“कोणाची आहे?” तिने विचारलं.

निरीक्षक बाई घुटमळल्या. “आज ना उद्या कळणारच आहे,” म्हणाल्या आणि कापड सोडायला लागल्या. ते अर्धं सुटलं तेव्हाच मी लेबल ओळखलं. तो खरबरीत, पिवळसर कागद मीच निवडून दिला होता. त्याच्यावरचं उताराचं चित्र आजोबांनी काढलेलं.

मावशी ओरडली नाही, रडली नाही. तिने कापड उचलून पुन्हा बाटलीवर ओढलं, उघड्या पडलेल्या माणसावर चादर टाकावी तसं. मग आपला ग्लास नळाखाली धुतला, पालथा घातला, आणि म्हणाली, “आजची चाखणी माझ्याशिवाय करा.” माझ्या कागदावर सही करायची राहिली. मीही मागितली नाही.

आम्ही चालत मामाच्या तळघराकडे निघालो. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं ती भावाला शिव्या घालत जाईल. ती मध्येच थांबली आणि माझा दंड धरला. “माझ्या जिभेला काय झालं गं?”

“मावशी, त्याने फसवलं. तुझा काय दोष?”

“त्याने फसवलं ते आहेच. ते त्याला विचारते. पण मला कळलं कसं नाही? तीन वेळा घेतली. तीनही वेळा मी बाबांचा मळा डोळ्यांसमोर पाहिला.”

मामा अंगणात पिंपं धूत होता, नळी सोडून. आम्हाला बघून हसला आणि तिचा चेहरा बघून हसणं अर्ध्यात राहिलं.

“पाणी बंद कर,” मावशी म्हणाली.

त्याने नळ बंद केला. “कळलं?” त्याने विचारलं. नाकबूल नाही, आढेवेढे नाहीत. मला तर वाटलं, तो कधीपासून हा शब्द तोंडात धरून बसला होता. तो पालथ्या क्रेटवर बसला. मामी ओले हात पुसत बाहेर आली. “काय झालं? ताई, तुम्ही अशा का दिसताय?”

“सांग तिला,” मावशी म्हणाली.

“मळा पूर्ण गेला होता,” मामा म्हणाला. “भिंतीच्या आडोशाला दोन ओळी राहिल्या, बाकी काही नाही. रस बाहेरून आणला. टँकरने.”

“सगळ्यांचेच मळे गेले होते.”

“म्हणूनच ना, ताई. ज्याच्याकडे माल, त्याला त्या वर्षी मागेल तो भाव होता. हाव सुटली मला. दुसरं काही नाव देत नाही त्याला.”

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. “तो पाण्याचा टँकर? टाक्या धुवायला मागवला म्हणालास तो?” त्याने मान हलवली. “अरे, त्या ड्रायव्हरला मी चहा करून दिला! बिस्किटं दिली! तो मला म्हणाला, वहिनी, तुमचा गाव फार छान आहे…” आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. बराच वेळ ती फक्त बिस्किटांबद्दलच बोलत होती. धक्का बसलेलं माणूस कशाला धरून बसेल त्याचा नेम नसतो.

मावशी उभीच होती. “नमुना माझ्यापुढे येणार हे तुला माहीत होतं.”

“होतं. म्हणून तर…” मामा क्रेटवरून उठला. “ज्या दिवशी नमुने गेले त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. म्हटलं, ताई पकडणार. पहिल्या वासात पकडणार. गावापुढे थू थू होईल, पण एकदाचं संपेल. आणि निकाल आला तो पूर्ण गुण! आनंद नाही झाला गं मला. भीती वाटली. म्हटलं, लहानपणापासून ऐकतोय, माती बोलते, डोंगर बोलतो. मग आता गप्प का बसला?”

मावशीने हात उगारला. मी डोळे मिटले. पण आवाज आला नाही. हात खाली आला होता. “हा प्रश्न विचारायचा तुला हक्क नाही,” ती म्हणाली.

“नसेल. पण तूच सांग, लोकांनी काय गमावलं? तू म्हणालीस ना, आपल्याच खोऱ्यातलं म्हणून? त्यांना तीच चव मिळाली. मग मी त्यांना नक्की काय विकलं खोटं?”

यावर मावशीने काहीतरी सडेतोड बोलावं म्हणून मी तिच्याकडे बघत होते. ती वळली आणि फाटकाबाहेर पडली. त्या दिवशी मला सगळ्यात भयंकर काय वाटलं असेल तर ते हे.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. विनोदांना तर ऊत आला. ‘नाकवाल्या बाईंचं नाक घरच्यानेच कापलं.’ ‘आता नाकाला चष्मा लावा.’ घरात मात्र वेगळंच चाललं होतं. ओट्यावर दूध उतू जाऊन जळलं, खोलीभर धूर झाला, आणि मावशी शेजारच्या खुर्चीत बसून होती. मी धावत येऊन गॅस बंद केला. “वास नाही आला?” मी विचारलं. “आला,” ती म्हणाली. “पण खरंच येतोय का, ते कळेना.”

उत्पादक संघाची सभा ठरली. आदल्या दिवशी संघाचे अध्यक्ष घरी आले. भला माणूस, स्वतःचा मळा थंडीत गमावलेला. चहा ढवळत बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “बाई, एक मार्ग आहे. तुम्ही सभेत म्हणा, समितीपुढे आलेला नमुना वेगळा होता. चांगला नमुना पाठवून बाटलीत दुसरंच भरलं. तुमचा भाऊ तसाही बुडालाय, आणखी थोडा बुडेल. पण तुमचं नाक राहील आणि खोऱ्याची अब्रूही.”

“आणि निरीक्षक बाईंसमोर मी तीनदा चाखली त्याचं काय?”

“बाटली उघडी राहून वास बदलला होता म्हणा. तुम्ही म्हणालात की कोण उलट बोलणार आहे?”

ते गेले आणि तासाभराने मामा आला. आत न येता दारातूनच म्हणाला, “ताई, अध्यक्ष म्हणतात तसं कर. मी कबूल करतो. नमुना बदलला होता म्हणून लिहून देतो. माझ्यामुळे तुझं जाऊ नये.” आणि निघून गेला. तो खरोखर मनापासून बोलत होता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

मावशी माझ्याकडे वळली. “बघितलंस? सगळं कसं तयार आहे. मी फक्त हो म्हणायचं.” मग थांबून म्हणाली, “आणि क्षणभर मी हो म्हणणारही होते गं. जिभेवर आलं होतं.” तिला स्वतःचाच धक्का बसलेला मी तेव्हा पाहिला. भावाच्या धक्क्यापेक्षा तो मोठा होता की काय कोण जाणे.

सभेला हॉल खच्चून भरला होता. जागा नाही म्हणून लोक खिडक्यांत बसले होते. मामा शेवटच्या रांगेत, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मामी आली नव्हती. अध्यक्षांनी प्रस्तावना केली आणि मावशीला बोलायला सांगितलं. तिच्या हातात कागद नव्हता.

“नमुना बदललेला नव्हता,” ती म्हणाली. “जे बाटलीत होतं तेच मी चाखलं होतं. पुन्हा दिलं तेव्हा पुन्हा आपलंच म्हणाले. आज आणून द्याल तर आजही आपलंच म्हणेन. मला फरक कळला नाही.”

एकच गलका झाला. कोणीतरी इतक्या झटक्याने उठलं की खुर्ची मागे पडली. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. पुढच्या रांगेतला एक मळेवाला ओरडला, “बाई, काय बोलताय कळतंय का? उद्या गिऱ्हाईक विचारेल, तुमच्या नाकवाल्या बाईंना ओळखता येत नाही, तर आम्ही खोऱ्याच्या नावाला जास्त पैसे का मोजायचे? काय सांगायचं आम्ही त्याला?”

“मला माहीत नाही,” मावशी म्हणाली.

तिच्या तोंडून हे वाक्य गावाने कधी ऐकलं नव्हतं.

मग ती शोधत शोधत बोलायला लागली. “एवढं सांगते. बिघडलेली वाइन मला कळते. कच्ची कळते, बुरशी लागलेलं पिंप कळतं. त्यासाठी तुम्ही मला बसवलं होतं आणि ते काम मी नीट केलं. पण कुठली ते कळतं, असं मी म्हणत गेले आणि तुम्ही ऐकत गेलात. आपल्या सगळ्यांनाच ते ऐकायला गोड वाटायचं. आता भाऊ मला विचारतो, चव तीच होती तर खोटं काय विकलं. मी खूप विचार केला. बाटलीवर आपण काय लिहितो? ‘चव अशी लागेल’ असं नाही लिहीत. ‘द्राक्षं इथली आहेत’ असं लिहितो. थंडीत ज्याचं सगळं गेलं आणि ज्याने रिकामं तळघर बघत वर्ष काढलं, त्यानेही तेच लिहायचं कबूल केलेलं असतं. माझ्या भावाने लिहिलं ते खोटं होतं. माझ्या जिभेने त्याला खरं म्हटलं, म्हणून ते खरं होत नाही.”

“मग पकडायचं कसं?” खिडकीतून कोणीतरी विचारलं.

“रस्त्यावर उभं राहून. खोऱ्यात येणारी प्रत्येक गाडी बघा, द्राक्षं काट्यावर घाला, टाक्यांना सील लावा. माझ्या जिभेवर सोडू नका. कोणाच्याच जिभेवर सोडू नका. मी समिती सोडतेय.”

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. काही लोक शिव्या देत उठून गेले. अध्यक्ष पुढे कितीतरी दिवस तिला रस्त्यात बघून दुसऱ्या बाजूने जायचे. पण सभेने तिचं म्हणणं मान्य केलं, थोड्या मतांच्या फरकाने का होईना.

मामाला दंड झाला आणि काही वर्षांसाठी खोऱ्याचं नाव वापरायला बंदी. दुकानांत उरलेल्या बाटल्या परत आल्या. वाइन वाईट नव्हती, ओतून देण्यासारखी नव्हती. फक्त खोटं नाव उतरवायचं होतं. शेडमध्ये टबांत गरम पाणी भरून बाटल्या बुडवायच्या आणि लेबलं खरवडायची. मामा आणि मामी शेजारी बसून खरवडत होते, एकमेकांशी एक शब्द न बोलता. मीही गेले, शेवटी कागद माझाच, आणि तो इतका चिवट निवडला होता की माझीच नखं दुखली. दुसऱ्या दिवशी मावशी आली. न बोलवता. बाह्या वर केल्या आणि टबापाशी बसली. दुपारपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. मग ती मामाला म्हणाली, “पाणी गार झालंय, बदल.” मामा बादली घेऊन असा धावला की अर्धं पाणी पायावर सांडलं.

नवं लेबल मी केलं. नियम मला पाठ होते, पण आपल्या माणसासाठी ते कधी वापरले नव्हते. खोऱ्याचं नाव नाही. वर्ष नाही. आजोबांचं चित्र नाही, कारण त्यात डोंगर दिसतो आणि डोंगरावरून खोरं ओळखू येतं. मामा छापखान्यात नमुना बघायला आला. चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचायला लागला.

“इथे पत्त्यात काहीतरी राहिलंय. गावाचं नाव गळलंय. नुसता पिनकोड छापलास.”

“राहिलं नाही, मामा. छापता येत नाही. आपल्या गावाचं नाव आणि वाइनचं नाव एकच आहे ना. बंदी असेल तर पत्त्यातसुद्धा चालत नाही.”

“अगं पण मी राहतो इथेच ना!”

तो कागद हातात धरून उभा राहिला. “माझा जन्म इथला. बाबांचा इथला.” मग तो यंत्राच्या कडेला, शाईच्या डब्यांमध्ये, खाली जमिनीवरच बसला. अंगणात त्या दुपारी तो खचला नव्हता, सभेत नव्हता; त्या पिनकोडपाशी खचला. मी यंत्र बंद केलं आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

मावशीचं नाक हळूहळू ताळ्यावर आलं. शेजारणीचा गॅस पुन्हा कळायला लागला. मी एकदा तिला विचारलं, “खरंच फरक नसतो का गं? मातीचा, डोंगराचा?”

“असेल,” ती म्हणाली. “मला कळला नाही, एवढंच मी सांगू शकते.” आणि त्यानंतरही कधी कधी जेवताना तिचा घास हातात राहायचा आणि ती स्वतःशीच मान हलवायची. “तीनदा घेतली मी,” असं म्हणायची. तो धक्का काही तिच्या अंगातून पूर्ण उतरला नाही.

नव्या नियमाप्रमाणे खोऱ्याच्या दोन्ही तोंडांशी वजनकाटे बसले. तोडणीच्या हंगामात तिथे उभं राहून प्रत्येक गाडी तपासायला माणूस हवा होता. असं काम कोण घेणार? सगळ्या गावाशी वैर. मावशीने घेतलं. मोठी टोपी, गळ्यात शिट्टी, पायात रबरी बूट. क्रेट वरून बघून सोडत नाही, खालपर्यंत उतरवायला लावते, मळ्याच्या चिठ्ठीशी ताडून बघते, आणि कुरकुरणाऱ्याला म्हणते, “भाऊसाहेब, माझ्यावर विश्वास ठेवून गाव एकदा तोंडावर पडलंय. आता मी तुमच्यावर ठेवत नाही, रागावू नका.”

मामाची बंदी उठली त्या हंगामात मी जेवणाचा डबा घेऊन काट्यावर गेले होते. रांगेत त्याचा ट्रॅक्टर होता. खूप वर्षांनी त्याची द्राक्षं पुन्हा खोऱ्याच्या नावाने जाणार होती. पिकली होती छान. शेजारी मामी बसली होती, नवी ओढणी घेऊन. त्याचा नंबर आला. तो खाली उतरला, टोपी काढली.

“ताई, माझेही सगळे उतरवायचे?”

“तुझे तर तळापर्यंत.”

तो क्रेट उतरवायला लागला. मामीही ओढणी खोचून मदतीला आली. मावशी एकेका क्रेटमध्ये हात घालून, घोस उचलून बघत होती, वास मात्र घेत नव्हती. मागे उभ्या ट्रकवाल्याचा धीर सुटला आणि त्याने हॉर्न दाबला. मावशी वळली.

“आणि हॉर्न वाजवतोय त्याचेही तळापर्यंत!”

रांग तोवर पार पुलापलीकडे गेली होती.